प्लॉट पाडले खरे. पण बंब आत शिरणार कुठून?



आज बियाणे, खते किंवा कीड-रोग यांविषयी लिहिणार नाही. आज आगीविषयी लिहायचे आहे, आणि गावागावांच्या कडेने जे प्लॉट पडत चालले आहेत त्यांच्याविषयी. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. गेल्या उन्हाळ्यापर्यंत मलाही तो दिसला नव्हता.

चैत्र सरत आला होता. तालुक्याच्या गावापासून बावीस किलोमीटरवरच्या एका गावात खोडव्याचे पाचट न जाळता कसे कुजवावे, याचे प्रात्यक्षिक चालू होते. समोर वीस-पंचवीस शेतकरी उभे. तेवढ्यात गावाच्या अंगाने काळा धूर उठला. पाचटाचा धूर पांढुरका असतो. हा काळाकुट्ट होता. "गोठा लागला, गोठा!" अशी हाक आली आणि आमचे प्रात्यक्षिक तिथेच मोडले. गावाचे नाव लिहीत नाही. ज्यांचे नुकसान झाले त्यांना पुन्हा चारचौघांत उभे करायचे नाही, आणि खरे सांगायचे तर ते गाव तुमचेही असू शकते.

घड्याळात पाहिलेली आग

वेळ टिपून ठेवायची सवय आम्हा विस्तारवाल्यांना लागलेली असते. म्हणून सांगतो. दुपारी २ वाजून १० मिनिटांनी अग्निशमन केंद्राला फोन लागला. २ वाजून १६ मिनिटांनी बंब निघाला. २ वाजून ४७ मिनिटांनी तो गावच्या फाट्यावर आला. म्हणजे बावीस किलोमीटर एकतीस मिनिटांत. खड्डे, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बाजाराचा दिवस पाहता त्या ड्रायव्हरने गाडी चांगलीच हाणली होती.

फाट्यापासून गोठा चारशे मीटरवर. पायी पाच मिनिटांचे अंतर. पण पाण्याची पहिली धार गोठ्यावर पडली तेव्हा घड्याळात ३ वाजून ४ मिनिटे झाली होती. शेवटच्या चारशे मीटरला सतरा मिनिटे लागली!

असे का झाले? गोठा होता नव्या वसाहतीच्या टोकाला. तीन-चार वर्षांपूर्वी तिथे ऊस होता. आता चौदा घरे झाली आहेत. वसाहतीत जायला एकच गल्ली. तिच्या तोंडाशी हौसेने बांधलेली सिमेंटची कमान. कमानीखालून बंब जाईना, म्हणून तो मागे घेऊन शेजारच्या पडीक रानातून वळवला. पुढे एका घराचे बांधकाम चालू, त्याची वाळू अर्ध्या गल्लीत. माणसांनी फावड्यांनी वाळू ओढली. त्यापुढे एकाच्या जिन्याच्या पायऱ्या, दुसऱ्याचा ओटा, तिसऱ्याची उभी केलेली जीप, आणि जीपचा मालक बाजाराला गेलेला. दहा जणांनी जीप उचलून बाजूला सरकवली. शेवटी बंब गोठ्यापासून दीडशे फुटांवर थांबला आणि जवानांनी तिथून होज ओढत नेला.

एक जवान मला नंतर म्हणाला, "साहेब, बावीस किलोमीटर आलो त्याचं काही वाटलं नाही. शेवटचं चारशे मीटर भारी पडलं."

दोन म्हशी लोकांनी दावी कापून सोडवल्या. एक गाभण म्हैस आणि एक रेडकू आत राहिले. कडब्याची गंजी गेली, छप्पर गेले, ठिबकच्या नळ्यांची बंडले गेली. शेजारची घरे वाचली ती एका द्राक्षवाल्या पोरामुळे. त्याने फवारणीचा ब्लोअर ट्रॅक्टरला जोडून बंबाच्या कितीतरी आधी आणला आणि भिंतींवर, पत्र्यांवर पाणी मारत राहिला.

गोठ्याचे मालक साठीचे गृहस्थ. त्यांना आपण आबा म्हणू. दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा मीही गेलो होतो. आबा राखेकडे पाहत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, रान माझंच. प्लॉट म्याच पाडलं. पैल्यांदा रस्ता वीस फुटी धरला व्हता. एजंट म्हनला, दहा फुटी करा, दोन प्लॉट वाढत्यात. म्या हो म्हनलो."

त्यावर मला काही बोलता आले नाही. तुम्हाला आले असते का?

मिनिटांचा हिशेब

'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण आपण थट्टेने वापरतो. पण तिच्यात एक हिशेब आहे, तो एकदा मांडून पाहू.

देशातल्या अग्निशमन सेवांसाठी केंद्राची एक स्थायी सल्लागार समिती आहे. शहरात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत बंब पोचावा, असा मापदंड या समितीने सुचवला आहे. आता आपल्या रस्त्यांवर बंब सरासरी ताशी चाळीस किलोमीटरने धावतो असे धरा. वीस मिनिटांत तो जाईल तेरा किलोमीटर. त्यातून फोन लागणे, गाडी बाहेर पडणे, पत्ता सापडणे यांची चार-पाच मिनिटे वजा केली की उरतात दहा किलोमीटर. म्हणजे केंद्रापासून दहा किलोमीटरच्या पलीकडे जे गाव आहे, त्याला वीस मिनिटांचा बंब मिळत नाही, मग ड्रायव्हर कितीही तरबेज असो. आपल्या जिल्ह्यातली किती गावे दहा किलोमीटरच्या आत येतात, ते नकाशावर दोरा धरून तुम्हीच मोजा.

मग प्रत्येक गावाला बंब का नको? ग्रामसभेत ही मागणी नेहमी होते आणि टाळ्याही पडतात. पण बंब म्हणजे नुसती गाडी नव्हे. चोवीस तास पाळीपाळीने हजर राहणारे ड्रायव्हर आणि शिकलेले जवान हवेत, डिझेल हवे, दुरुस्ती हवी. दिवाबत्तीचे बिल भरताना ज्या ग्रामपंचायतीची दमछाक होते, तिला हे झेपणारे नाही. दहा-बारा गावांत मिळून एक छोटे केंद्र हा रास्त मार्ग आहे आणि त्यासाठी भांडलेच पाहिजे. केंद्र सरकारने २०२३ साली राज्यांच्या अग्निशमन सेवा वाढवण्यासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आणली. त्यातले आपल्या तालुक्याच्या वाट्याला काय आले, हे आमदार-खासदारांना जरूर विचारा.

कायद्याची बाजूही समजून घ्या. घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने बारावी अनुसूची आली, तीत अग्निशमन सेवा हे नगरपालिकांचे काम म्हणून लिहिले आहे. ७३व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली, तीत २९ विषय आहेत. अग्निशमन त्यांत नाही. आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यातल्या ग्रामसूचीत मात्र आग विझवण्यास मदत करणे आणि जीवित-वित्ताचे रक्षण करणे हे काम ग्रामपंचायतीकडे दिलेले आहे. थोडक्यात, बंब नगरपालिकेचा आणि मदत ग्रामपंचायतीची. नगरपालिकेचा बंब हद्दीबाहेर आला तर तो शेजारधर्म. त्या शेजाऱ्याला आत यायला वाट तरी मोकळी ठेवावी, एवढे आपल्या हातात आहे.

आणि माझा सांगायचा मुद्दा हाच आहे. बंब किती मिनिटांत येणार, हे आपण आग लागल्यावर मोजतो. पण ती मिनिटे ठरतात प्लॉटिंगचा कागद टेबलावर असतो त्या दिवशी. त्या दिवशी कोणी विचारले नाही, तर नंतर दोन बंब आले तरी फाट्यावरच उभे राहतील.

दोन गुंठ्यांचा सवाल

आता आबांच्या त्या दोन प्लॉटांचा हिशेब करू. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. चौकोनी तुकडा धरला तर एक बाजू साधारण २०८ फूट. मधोमध दहा फुटांऐवजी वीस फुटांचा रस्ता ठेवला, तर जादा जागा जाते २,०८० चौरस फूट, म्हणजे दोन गुंठ्यांना थोडी कमी. तीस फुटांचा ठेवला तर जादा चार गुंठे जातात. मंजूर रेखांकनात अंतर्गत रस्ता निदान ९ मीटरचा, म्हणजे तीस फुटांच्या आसपास धरतात, तो उगाच नव्हे.

बंबाची रुंदी अडीच मीटर, म्हणजे सव्वाआठ फूट. ही सव्वाआठ फुटांची गोष्ट तलाठी भाऊसाहेबांना ओळखीची वाटेल. गाव नकाशात एका तुटक रेषेने दाखवलेला पायमार्ग सव्वाआठ फुटांचाच असतो आणि दुहेरी तुटक रेषेचा गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा. म्हणजे आपल्या पूर्वजांनी बैलगाडीला साडेसोळा फूट ठेवले आणि आपण बंबाला दहा फुटांत बसवायला निघालो! बंब शिरला तरी त्याची दारे उघडायला, जवानांना होज ओढायला दोन्ही अंगांना जागा लागते. गल्ली पुढे बंद असेल तर वळायलाही जागा हवी. नाहीतर पाणी संपल्यावर बंबाला तेवढीच गल्ली उलट पावली मागे यावे लागते आणि मागून आलेला दुसरा टँकर अडकून बसतो.

एजंट सांगेल की सगळे असेच करतात. खरे आहे, करतात. साठेखत, नोटरी, दहा जणांच्या नावे मिळून एक गुंठेवारीचा सात-बारा, हे सगळे आपण पाहतो. पुढे कधीतरी सरकार नियमित करील, अशी आशाही असते. शहरांलगतच्या गुंठेवारीसाठी २००१ साली कायदा झाला आणि २०२१ साली दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्यात घेतले. पण कागद नियमित झाला तरी गल्ली रुंद होत नाही. विकास शुल्क भरून दोन भिंती एकमेकींपासून दूर सरकत नाहीत.

गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला बिगरशेतीची वाट महसूल कायद्याने सोपी केली आहे. घर बांधणाऱ्या गरिबाची पायपीट वाचली, हे चांगलेच झाले. पण याच २०० मीटरच्या पट्ट्यात आपले गोठे, गंज्या, उकिरडे, खळी असतात. इकडून घरे सरकत आली, तिकडे कडब्याची गंजी जागची हलली नाही, आणि दोन्हींच्या मधोमध विजेच्या तारा लोंबू लागल्या. पूर्वी गंजी पेटली तर गंजीच जायची. आता तिच्या शेजारी कोणाची तरी भिंत, खिडकी आणि खिडकीआड गॅसची टाकी असते. गाव बदलले आहे, तेव्हा गंजीची जागाही बदलावी लागेल. घरापासून पन्नास-साठ फूट लांब, तारांखाली मुळीच नको, आणि एका मोठ्या गंजीऐवजी अंतर ठेवून दोन-तीन लहान गंज्या लावा. कडबा ओलसर असताना रचू नका. आतल्या आत तापतो.

शेतकऱ्याने जमीन विकूच नये, असे मी म्हणत नाही. मुलीचे लग्न, दवाखाना, सोसायटीचे कर्ज; बांधावर उभे राहून उपदेश करणे सोपे असते. विका, पण रस्ता सोडून विका. दोन गुंठ्यांचे पैसे एकदाच हातात येतात आणि अरुंद गल्ली नातवंडांपर्यंत राहते.

चार हजार लिटर पुरते किती वेळ?

दुसरा प्रश्न पाण्याचा. तालुक्याला जो बंब असतो त्याच्या टाकीत चार-साडेचार हजार लिटर पाणी मावते. दोन होज जोरात चालवले की ते पाच मिनिटांत संपते. त्या दिवशीही तसेच झाले. मग 'पाणी कुठे आहे?' अशी धावाधाव. विहीर होती, पण उन्हाळ्यात पाणी गेलेले पन्नास फुटांवर. इथे आपण शेतकरी जाणतो ती गोष्ट: वर बसवलेला पंप फार तर वीस-बावीस फुटांवरून पाणी ओढतो, त्याखाली गेले की सक्शन सुटते. बंबाचा पंपही त्याच जातीचा. विहिरीत पाणी दिसत होते आणि बंबाला घेता येत नव्हते. विहिरीवर मोटर होती, पण त्या वेळी शेतीची लाईन नव्हती.

आता शेततळ्याकडे पाहा. ३० बाय ३० मीटर लांबी-रुंदीचे, ३ मीटर खोलीचे तळे भरलेले असेल तर त्यात जवळजवळ २२ लाख लिटर पाणी बसते. ते निम्म्याहून कमी उरले तरी शेकडो बंब भरतील, आणि पाणी जमिनीच्या वरच्या अंगाला असते. ज्यांच्या शेतात अस्तरीकरण केलेले शेततळे आहे, त्यांनी तळ्यापर्यंत मुरमाचा पंधरा फुटी रस्ता आणि बंब उभा राहील एवढी पक्की जागा ठेवली, तर ते तळे आख्ख्या शिवाराचे अग्निशमन केंद्र होते. मालकाचे पाणी जाईल, हे खरे. ग्रामपंचायतीने त्याची भरपाई ठरावातच लिहून ठेवावी, म्हणजे ऐन वेळी बांधावर वाद नको.

आणखी एक बारीक पण मोलाची गोष्ट. आपल्या शेतातली पाइपलाइन बरेचदा ६३ मिलिमीटरची असते. बंबाचा होजही ६३ मिलिमीटरचा. पण दोहोंचे जोड वेगळे, एकमेकांत बसत नाहीत. असा जोड बाजारात तयार मिळतो. गावच्या पाण्याच्या टाकीला खाली एक व्हॉल्व्ह आणि हा जोड बसवून घेतला, तर वीज असो-नसो, उताराने बंब भरता येतो. हे काम ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले आहे. जोड कोणता हवा, हे अग्निशमन केंद्रात जाऊन विचारून या. अंदाजाने आणू नका.

पहिली वीस मिनिटे गावाची

बंब तासाने येणार असेल, तर तोवरचा वेळ गावालाच निभावायचा आहे. त्या पोराचा ब्लोअर सहाशे लिटरचा होता. त्याने आग विझवली नाही, पण पसरू दिली नाही. आग लागल्यावर पहिले काम हेच असते. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात असे ब्लोअर गावागणिक आहेत. कोणाकडे ब्लोअर, कोणाकडे पाण्याचा टँकर, कोणाकडे डिझेल इंजिन, कोणाकडे जेसीबी, याची नावानिशी यादी फोन नंबरांसह ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या. उन्हाळाभर एक तरी टँकर भरून उभा असावा.

मात्र शिस्त हवी. पहिल्यांदा वायरमनला फोन करून लाईन बंद करून घ्या; जिवंत तारेवर किंवा मीटरच्या पेटीवर पाणी मारू नका. दुसरे, गॅसची टाकी बंद करून बाहेर काढता येत असेल तरच काढा. ती ज्वाळांत सापडली असेल तर माणसे लांब न्या. तिसरे, डिझेल-रॉकेलच्या आगीवर पाणी नको. माती, वाळू टाका. चौथे, ब्लोअरच्या टाकीत औषध शिल्लक असेल तर आधी ओतून द्या. आणि जनावरांचे दावे असे बांधा की एका झटक्यात सुटेल. गोठ्याच्या दाराशी एक विळा कायमचा अडकवून ठेवा. त्या दिवशी दोन म्हशी वाचल्या त्या विळ्याने.

फोनचेही तसेच. १०१ आणि ११२ हे नंबर पाठ असावेतच, पण जवळच्या नगरपालिकेच्या, साखर कारखान्याच्या आणि औद्योगिक वसाहतीच्या अग्निशमन केंद्रांचे थेट नंबरही लिहून ठेवा. अनेक कारखान्यांकडे स्वतःचा बंब असतो, आणि कधी कधी तो तालुक्याच्या बंबापेक्षा जवळ असतो. पत्ता सांगताना 'नव्या प्लॉटात' असे सांगू नका. प्रत्येक गावात आता चार नवे प्लॉट आहेत. एक माणूस मोटारसायकल देऊन फाट्यावर उभा करा, तो बंबाच्या पुढे चालेल. चोरांसाठी आणि बिबट्यासाठी ज्या गावांनी मोबाईलवरची ग्रामसुरक्षा यंत्रणा घेतली आहे, तिथे एकाच फोनने निरोप सगळ्या गावाला जातो. ती आगीलाही वापरा.

ग्रामसभेत काय विचारायचे?

१४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना ६६ जवान कामी आले, त्यांच्या आठवणीसाठी हा सप्ताह पाळतात. हेच दिवस आपल्याकडे गंज्या पेटण्याचे. त्या आठवड्यात एक दिवस तालुक्याचा बंब गावात बोलवा आणि तो शेवटच्या घरापर्यंत जातो का, ते सगळ्यांच्या देखत पाहा. आणि १ मेच्या ग्रामसभेत सरपंचांपुढे हे प्रश्न ठेवा:

एक, यापुढे कोणत्याही प्लॉटिंगला ग्रामपंचायत शिफारस, नळजोड किंवा दिव्याचा खांब देताना रस्ता प्रत्यक्ष मोजून घेणार का, की कागदावरचा आकडा धरणार?

दोन, वसाहतीला दुसऱ्या बाजूने बाहेर पडायची वाट आहे का? नसेल तर टोकाला बंब वळण्याइतकी मोकळी जागा आहे का?

तीन, कमानी, ओटे, पायऱ्या, वाळूचे ढीग यांना आळा कोण घालणार? कमान हवीच असेल तर ती निदान पंधरा फूट रुंद आणि साडेसोळा फूट उंच असावी, असा ठराव होईल का?

चार, वसाहतीपासून जवळात जवळचे, बंबाला भरता येईल असे पाणी कुठे आहे?

पाच, वहिवाटीचे जे शेतरस्ते कोणी नांगरून किंवा कुंपण घालून अडवले आहेत, त्यांच्यासाठी तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली अर्ज केला आहे का?

ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणतील, गावठाणाबाहेरची मंजुरी आमच्या हातात नाही, ती वरच्या कार्यालयात होते. बरोबर आहे. पण वसाहत झाल्यावर पाणी, दिवा, गटार आणि रस्ता मागायला लोक ग्रामपंचायतीच्याच दारात येतात. तेव्हा आधी विचारायचा हक्कही ग्रामपंचायतीलाच आहे. ग्रामसभेचा लेखी ठराव फाईलला लागलेला असला की वरचे कार्यालयही तो सहजासहजी बाजूला सारत नाही.

शेवटी माझी स्वतःची गोष्ट सांगतो, नाहीतर म्हणाल, साहेब लोकांना शहाणपण शिकवतात. मीही तालुक्याच्या गावाकडेला दीड गुंठा घेतला आहे. हप्ते चालू आहेत. खरेदीच्या वेळी माती पाहिली, बोअरला पाणी लागेल का विचारले, शाळा किती लांब ते पाहिले. गल्ली मोजली नव्हती. आबांच्या गोठ्यावरून परत आलो त्या संध्याकाळी टेप घेऊन गेलो. कागदावर वीस फूट. टेपवर अकरा. त्यातही एका कोपऱ्यावर विजेचा खांब. आता आम्ही सात-आठ प्लॉटवाले मिळून कुंपणे मागे घेण्याविषयी बोलतो आहोत. दोघे तयार झाले, तिघे विचार करतो म्हणाले. बाकीचे अजून हसतात.

तुम्ही टेपही आणू नका. एक बारा फुटी बांबू घ्या. दोन पोरांना त्याची दोन टोके धरून तो आडवा धरायला सांगा आणि फाट्यापासून गावातल्या शेवटच्या घरापर्यंत, शेवटच्या गोठ्यापर्यंत चालत जा. बांबू जिथे भिंतीला, ओट्याला किंवा खांबाला अडेल, तिथे खडूने खूण करा. बंब तिथेच थांबणार आहे. त्या खुणा किती झाल्या, त्या मोजून १ मेच्या ग्रामसभेत सांगा.